सहा मिनिटं

कल्याणहून निघणारा महामार्ग माळशेज घाट चढून नगर, पाथर्डी, गढी करत माजलगावात येतो आणि पुढे पाथरी, परभणी, नांदेड करत निर्मळला जातो. माझे एक चुलते, तात्या, या रस्त्यावर ट्रक चालवायचे. जाताना माजलगावच्या जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी, येताना मिळेल तो माल. त्यांच्या काळात मोबाइल नव्हता. गाडी बंद पडली की मागे-पुढे दगड मांडायचे, बाभळीच्या फांद्या टाकायच्या आणि वाट बघायची. त्याच दिशेनं जाणारा पहिला ट्रक थांबायचा. त्याच्याकडे सामान असेल तर तो द्यायचा, नसेल तर पुढच्या गावच्या मिस्त्रीला निरोप द्यायचा. मालकाला फोनही तोच लावायचा. याला कुणी मैत्री म्हणत नसे. ती रस्त्याची रीत होती.

मला हे लहानपणापासून माहीत होतं. तरी दोन वर्षांपूर्वी पुण्याहून स्पीतीला आठ गाड्यांचा ताफा घेऊन गेलो, तेव्हा रिकाँग पिओच्या पुढे आमच्यातल्या एकाचा क्लच गेला आणि आम्ही सात गाड्या पुढे गेलो. सुट्ट्या मोजक्या होत्या, पुढची हॉटेलं बुक होती. तो स्वतःच म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी बघतो." आम्ही त्याला मिठ्या मारल्या, पाण्याचे कॅन दिले, फोटोही काढला. परत आल्यावर तो फोटो 'ब्रदरहुड' असं लिहून मीच टाकला. त्याला भरपूर लाइक आले.

त्यानंतर लांबच्या मोटारसफरींचा इतिहास मी जरा वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो. कोण जिंकलं हे बाजूला ठेवून कोण थांबलं ते शोधू लागलो. या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर ज्या शर्यतीत सापडतं, तिचा अर्धा टप्पा आपल्या मुंबईत संपला होता.

ही 1968 सालची लंडन-सिडनी मॅरेथॉन. आदल्या वर्षी नोव्हेंबरात ब्रिटनला पौंडाचं अवमूल्यन करावं लागलं होतं आणि देशाचा मूड पडलेला होता. 'डेली एक्स्प्रेस'चे मालक सर मॅक्स एटकिन यांच्या जेवणाच्या टेबलावर कल्पना निघाली, की लोकांना हुरूप येईल आणि वाटेतल्या देशांत ब्रिटिश गाड्यांची जाहिरातही होईल असं काहीतरी करावं. सिडनीचे सर फ्रँक पॅकर यांचं 'डेली टेलिग्राफ' सोबत आलं. पहिलं बक्षीस 10,000 पौंड. म्हणजे मुळात हा वर्तमानपत्रांचा आणि कारखानदारांचा धंदा होता, दोस्तीचा मेळावा नव्हता. हे आधी सांगतो, कारण अशा सफरींच्या आठवणी नंतर फार गोड होत जातात.

24 नोव्हेंबर 1968 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून 98 गाड्या सुटल्या. पॅरिस, तुरीन, बेलग्रेड, इस्तंबूल, तुर्कस्तानातलं सिवास, मग तेहरान, काबूल, खैबरखिंड, दिल्ली आणि मुंबई. हा रस्ता नकाशावर आज बोटानं फिरवून बघावा. इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून एक माणूस आपल्या मोटारीनं मुंबईत येतो, ही गोष्ट तेव्हा अवघड होती, पण अशक्य नव्हती.

हिशोब साधा होता. नाक्यावर ठरल्या वेळेपेक्षा जितकी मिनिटं उशीर, तितके दंडाचे गुण. सगळ्यात कमी गुण असलेला जिंकणार. आमच्या धंद्यात याला फार सुबक मेट्रिक म्हणतील: एकच आकडा, मोजायला सोपा, भांडायला जागा नाही. फक्त या हिशोबात थांबणं म्हणजे नुकसान, मग थांबण्याचं कारण काहीही असो. टायर बदलायला घेतलेली पाच मिनिटं आणि कुणाला दरीतून वर काढायला घेतलेली पाच मिनिटं, दोन्हींची किंमत पाच गुण.

गाड्यांची जत्रा मात्र भारी होती. ब्रिटनच्या हिलमन, ऑस्टिन आणि फोर्ड, फ्रान्सच्या सिट्रोएन, ऑस्ट्रेलियाच्या होल्डन आणि फाल्कन, रशियाच्या चार मॉस्कविच, शिवाय एक 1930 सालची बेंटली. ब्रिटिश घोडदळाच्या एका रेजिमेंटचे लोक लँडरोव्हर घेऊन आले होते. जीन डेंटन ही बाई एमजीची छोटी स्पोर्ट्स कार घेऊन आली होती आणि तिनं ती सिडनीपर्यंत नेलीही. मुंबईचे डॉ. बोमसी वाडिया आपल्या साथीदारांसह कॉर्टिना घेऊन उतरले होते. त्या वर्षी आपल्याकडे साध्या फियाटसाठीही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट, नाहीतर अँबॅसेडर, नाहीतर स्टँडर्ड हेराल्ड, एवढीच निवड. दिल्ली ते मुंबई रस्त्याच्या दुतर्फा लोक का लोटले असतील, हे समजायला कठीण नाही.

मुंबईला 72 गाड्या पोचल्या. सगळ्यात पुढे होता इंग्लंडचा रॉजर क्लार्क. मग 5 डिसेंबरला पी अँड ओ कंपनीचं 'चुसान' हे जहाज या गाड्या आणि माणसं घेऊन निघालं, ते 13 तारखेला ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला लागलं. आठ दिवस. गाड्या जहाजाच्या पोटात, चालक वर डेकवर.

मला या शर्यतीतला हाच भाग सगळ्यात आवडतो, आणि याच्याबद्दलच सगळ्यात कमी लिहिलं जातं, कारण या आठ दिवसांत गुण मोजले जात नव्हते. ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये घुसले होते. डिसेंबरात रशियन चालक आणि ब्रिटिश सैनिक एकाच जहाजावर, एकाच छपराखाली आठ दिवस काढत होते, आणि दोघांचाही पिच्छा तुर्कस्तानातल्या त्याच खड्ड्यांनी पुरवला होता. ज्यांना एकमेकांना हरवायचं आहे, तेच एकमेकांचं दुःख नीट समजू शकतात. सिवासच्या पुढचा रस्ता कसा होता हे घरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. बाजूच्या खुर्चीतल्याला सांगावंही लागत नाही. चारही मॉस्कविच पुढे सिडनीला पोचल्या, हेही जाता जाता सांगून टाकतो.

पर्थहून 14 डिसेंबरला पुन्हा घड्याळ सुरू झालं. पुढे असलेल्या क्लार्कचं इंजिन बिघडलं. त्याच संघाच्या एरिक जॅक्सन आणि केन चेंबर्स यांच्या गाडीचं सिलिंडर हेड काढून त्याच्या गाडीला बसवलं. ही दोस्ती की कंपनीचा हुकूम? मला वाटतं हुकूमच. पुढे क्लार्कचा डिफरेन्शियल गेला, तेव्हा त्याला रस्त्याकडेला एक अनोळखी माणूस आपली कॉर्टिना घेऊन उभा दिसला. क्लार्कनं त्याच्याकडे मागचा अ‍ॅक्सल मागितला. तो आधी कां-कूं करत होता, शेवटी कबूल झाला. या माणसावर कुणाचा हुकूम नव्हता. त्याला गुणही मिळणार नव्हते.

शेवटच्या दिवशी सगळ्यात पुढे होते लुसियँ बिआंकी आणि जाँ-क्लोद ओजिए, सिट्रोएनमध्ये. बिआंकीनं त्याच वर्षी सप्टेंबरात पेद्रो रॉड्रिगेझच्या जोडीनं ल मांची 24 तासांची शर्यत जिंकली होती. आता सिडनी साधारण दीडशे किलोमीटरवर राहिलं होतं. गाडी ओजिए चालवत होता. नौरा गावाजवळ समोरून आलेल्या एका मिनीशी त्यांची टक्कर झाली. ती मिनी शर्यतीतली नव्हती, रस्त्यावरचं साधं वाहन होतं. बिआंकी मोडलेल्या गाडीत अडकला आणि जबर जखमी झाला.

मागून पहिली आली पॅडी हॉपकर्कची ऑस्टिन 1800. हॉपकर्क बेलफास्टचा. 1964 ची माँटे कार्लो रॅली मिनीतूनच जिंकून तो नावारूपाला आलेला. सोबत टोनी नॅश आणि अ‍ॅलेक पूल. ते थांबले. आग विझवली, जखमींपाशी गेले. त्यानंतर अँड्र्यू काउअन आला, स्कॉटलंडचा शेतकरी, हिलमन हंटरमध्ये. त्यानंही वेग कमी केला. त्याला हातानं खूण झाली की इथलं सगळं बघितलं जातंय, तू जा. तो गेला.

अंतिम निकालात काउअन पहिला, दंडाचे गुण 50. हॉपकर्क दुसरा, गुण 56. सिडनीला पोचलेल्या गाड्याही योगायोगानं 56 च.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण म्हणतात की हॉपकर्कनं जिंकलेली शर्यत सोडून दिली. हे आकड्यांतून तसं सिद्ध होत नाही. अपघाताच्या आधीच तो काउअनच्या मागे होता. पण त्या क्षणी हॉपकर्कला एवढं नक्की ठाऊक होतं: पुढची गाडी बाद झाली आहे, मागून काउअन येतोय, आणि आपण थांबलो आहोत. निकाल नंतरचा. थांबायचं ठरलं तेव्हा हातात फक्त एवढीच माहिती होती.

काउअनला खलनायक करायचीही गरज नाही. त्यानं विचारलं, त्याला जा म्हटलं, तो गेला. पुढे 1977 मध्ये हीच मॅरेथॉन पुन्हा झाली, तीही त्यानंच जिंकली, मर्सिडीजमधून. उत्तम चालक. मी स्वतःची समजूत याच माणसावर बरेच दिवस काढली. आम्हालाही 'जा' म्हटलं होतं.

फरक नंतर लक्षात आला. काउअनला 'जा' म्हटलं ते तिथे आधीच थांबलेल्यांनी. आम्हाला 'जा' म्हटलं ते ज्याची गाडी बंद पडली होती त्यानं. आणि आमच्या सात गाड्यांत हॉपकर्क कुणीच नव्हता.

आमच्या जवळची गोष्ट शोधायची तर आणखी मागे जावं लागतं. 10 जून 1907 ला पेकिंगहून पाच मोटारी पॅरिसकडे निघाल्या. 'ल मातँ' या फ्रेंच वर्तमानपत्रानं आव्हान दिलं होतं. प्रिन्स बोर्गेसे याची इटाला, हॉलंडची एक स्पायकर, दोन दे दियाँ-बुताँ आणि ऑग्यूस्त पाँस याची काँताल, जी खरं तर तीन चाकांची सायकलगाडी म्हणावी अशी. एकमेकांना मदत करायची असं निघताना ठरलेलं. गोबीच्या वाळवंटात पाँसचं पेट्रोल संपलं. बाकीच्या गाड्या पुढे गेलेल्या होत्या. तो मागे फिरला असेल असं त्यांनी धरलं. पाँस आणि त्याचा मिस्त्री वाळवंटात पायी भटकत मरायला टेकले. त्यांना वाचवलं ते तिथल्या भटक्या लोकांनी, ज्यांचा या शर्यतीशी काडीचा संबंध नव्हता. बोर्गेसे 10 ऑगस्टला पॅरिसला पोचला, मोठं स्वागत झालं. इतिहासात पहिली ओळ त्याची.

'तो मागे फिरला असेल असं धरलं' हे वाक्य मला फार ओळखीचं वाटतं. आम्हीही धरलं होतं, की नेटवर्क आल्यावर तो कळवेलच.

या दिवाळीत माजलगावला गेलो तेव्हा तात्यांना हे सगळं सांगितलं. त्यांना इटाला-बिटालात रस नव्हता. काउअनच्या हिलमनची मात्र गंमत वाटली, कारण हीच गाडी इराणमध्ये 'पेकान' या नावानं कारखान्यातून निघायची आणि तेहरानची टॅक्सी म्हणून पुढे कित्येक वर्षं धावली. "म्हणजे आपली फियाट," ते म्हणाले. काउअन आणि आमची तुलना मी केली, तर ती त्यांनी ऐकूनच घेतली नाही.

"गाडी बंद पडलेला माणूस 'जा' म्हणणारच की. तो 'थांब' कसं म्हणंल?"

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर उसाचे ट्रॅक्टर जात होते, दोन दोन ट्रॉल्या लावलेले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, तो जळत्या गाडीतला माणूस वाचला का. वाचला, म्हटलं. साडेतीन महिन्यांनी, मार्च 1969 मध्ये, ल मांला सराव करताना दुसऱ्या अपघातात गेला. तात्यांनी मान हलवली.

"आणि तुझ्या दोस्ताची गाडी?"

"झाली. चार दिवसांनी. शिमल्याहून क्लच प्लेट आली."

"कुणी आणून दिली?"

"एका ट्रकवाल्यानं," मी म्हटलं.