गडावरची राख, परसातली भाजी

'सेंद्रिय' हा शब्द आपल्या बोलण्यात नवा; ती शेती मात्र नवी नाही. एवढे म्हणून आपण बहुधा थांबतो आणि 'पूर्वजांना सारे ठाऊक होते' या समाधानात विषय संपवतो. पूर्वजांना नेमके काय साधले होते आणि काय साधले नव्हते, हे पाहायचे तर महाड-पोलादपूरच्या परसात शिरावे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचे. दुर्गांविषयी लिहिताना त्यात एक साधी सूचना येते: गडावरचा केर खाली न टाकता जागोजागी जाळावा, ती राख परसात घालावी आणि घरोघरी होईल तो भाजीपाला करावा. सूचना सर्वच गडांसाठी आहे. पण महाड तालुक्यातला रायगड डोळ्यांसमोर आणला की तिचे मोल कळते. वेढा पडला की खालून भाजी यायची कोठून? सफाई, खत आणि शिधा यांचा विचार तेथे एकत्र झालेला आहे.

त्या सूचनेतली राख खताची. कोकणातल्या परसात ती पानांवरही पडत आली. कोरडी राख माव्यासारख्या मऊ अंगाच्या किडीला सुकवते, वेलाची कोवळी पाने कुरतडणाऱ्या भुंगेऱ्यांना अडवते. शिवाय जांभ्याच्या आंबट मातीला पालाश आणि चुना देते. परंतु वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या मुलखात एका सरीत ती धुऊन जाते. म्हणून राख ही भातकापणीनंतरच्या वालाची, वांग्याची, मिरचीची सोबतीण. पावसाळ्यातल्या पडवळ-दोडक्याला आधार मांडवाचा: फळ ओल्या जमिनीपासून वर राहते, वेलीत वारा खेळतो.

हीच आग शेतात 'राब' म्हणून पेटे. भाताचे रोप टाकण्यापूर्वी शेण, पाला, फांद्या रचून जमीन भाजायची. तण आणि मातीतली कीड मरते. मात्र त्यासाठी डोंगरावरची झाडे तासावी लागत. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल १८८७ चा. त्या तंट्यात राबाचा प्रश्न होताच. जुनी रीत फुकटची नव्हती.

मग डीडीटी आले. पाउल म्युलर यांना त्याचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये दिसला, १९४८ मध्ये नोबेल मिळाले. हिवतापाशी झुंजणाऱ्या देशाला ते वरदानच वाटले. सरकारी कारखान्यांत, पुढे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनी येथेही, ते तयार झाले. शेतीतल्या वापरावर १९८९ मध्ये बंदी आली. दरम्यान केरळात १९५८ साली पॅराथिऑनने दूषित झालेल्या अन्नाने शंभरावर माणसे दगावली होती; त्यातूनच १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. तरीही २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी मेले.

परसबागेपुरता मुद्दा आणखी सोपा आहे. फवारणी आणि काढणी यांत काही दिवस सोडायचे असतात. दोडका एक दिवसाआड तोडावा लागतो आणि सकाळी तोडलेला दुपारी ताटात असतो. हे दिवस सोडायचे कसे? मोठ्या शेतात जे औषध नियमात बसते, ते परसात बसतच नाही.

यावर आपले ठरलेले उत्तर म्हणजे कडुनिंब. युरोपात त्यावर १९९४ मध्ये दिलेले पेटंट २००० मध्ये रद्द झाले, आणि आपण योग्य तो अभिमान बाळगला. पण कडुनिंब कोरड्या देशाचे झाड. या अतिपावसाच्या पट्ट्यात ते विरळाच. येथला वृक्ष करंज. त्याची पेंड खत होते, वाळवीलाही आवरते. वेलावरच्या फळमाशीपुढे मात्र राख, निंबोळी, करंज सारेच थिटे, कारण अळी फळाच्या आत असते. तेथे उपाय कष्टाचेच: डंख झालेली फळे रोज वेचून खोल पुरणे, कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधणे, गंधाचा सापळा टांगणे.

आज्ञापत्रातून घ्यायची ती राख नव्हे, तिच्यामागची दृष्टी. जे हाताशी आहे त्यातून, त्या जागेच्या गरजेपुरते करायचे. दुसऱ्या मुलखाची कृती बाटलीत भरून आणली, तर तिच्यावर 'सेंद्रिय' लिहिलेले असूनही परस परावलंबीच राहते.