शाळेचा कर्णा आणि दोन लाकडी पेट्या

मेळाव्याच्या तयारीसाठी आम्ही चौघे शाळेच्या अडगळीच्या खोलीत गेलो होतो. शोधायचे होते गॅदरिंगचे जुने फोटो. ते काही सापडले नाहीत; मोडक्या बाकांमागे पत्र्याचा एक कर्णा आणि दोन लाकडी पेट्या मात्र सापडल्या. कर्ण्यावरची पट्टी ओल्या फडक्याने पुसली तेव्हा अक्षरे दिसली : शिकागो रेडिओ. पेट्यांवर नाव नव्हते, पण एका पेटीच्या जाळीच्या कापडावरचा शाईचा डाग मी लगेच ओळखला. तो आमच्या, म्हणजे १९८२ च्या दहावीच्या वर्गाचा पराक्रम.

"भंगारवाल्याला देऊन टाकू, त्या दिवशी साउंडवाला सांगितलाच आहे," असे एकाचे मत पडले. मी महिनाभराची मुदत मागितली. जुने स्पीकर दुरुस्त करणे हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग आहे, हे मित्रांना माहीत होते. दुसरे एक कारण होते, ते त्यांना माहीत नव्हते. ते या लेखात पुढे येईल. शाळेचा इतिहास स्मरणिकेत इतर मंडळी लिहितीलच. मी शाळेच्या आवाजाचा इतिहास लिहितो.

आधी कर्ण्याबद्दल. माणसाचा आवाज विजेने मोठा करून हजारोंच्या सभेला ऐकवणे ही गोष्ट जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला पीटर जेन्सन आणि त्याचा भागीदार एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ च्या नाताळात सान फ्रान्सिस्कोत भल्या मोठ्या गर्दीला कर्ण्यातून गाणी आणि भाषण ऐकवले. आपल्या यंत्राला त्यांनी नाव दिले मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिन भाषेत मोठा आवाज. कर्ण्याचे तत्त्व सोपे आहे. तोंडापुढे दोन्ही हातांचा द्रोण करून आपण नदीपलीकडच्या माणसाला हाक मारतो, तेच. मागच्या युनिटमधला छोटा पडदा थरथरतो आणि पुढचा पसरत जाणारा पत्रा ती थरथर हवेला नीट पोचवतो. त्यामुळे थोड्या विजेत मोठा आवाज मिळतो. मात्र खालचे, घुमणारे सूर त्यातून निघत नाहीत. सूचना, घोषणा, भाषण यांसाठी कर्णा. तबल्याचा बायाँ ऐकायला तो उपयोगाचा नाही.

आता त्या पट्टीवरचे नाव. शिकागो हे नाव अमेरिकेचे, माणसे मात्र सिंधची. ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सक्करला विजेच्या सामानाचा धंदा सुरू केला. तो पुढे कराचीला आणि मग मुंबईला आला. त्यांचे चिरंजीव नानक मोटवाने यांनी पाहिले की गांधीजींच्या सभेला माणसे लोटतात, पण मागच्या माणसाला शब्द ऐकू येत नाही. तिथून कर्णे, अ‍ॅम्प्लिफायर आणि मायक्रोफोन घेऊन काँग्रेसच्या सभा-अधिवेशनांना जायचे हे त्यांचे कामच झाले. त्या काळच्या फोटोंत पुढाऱ्यांच्या तोंडापुढच्या मायक्रोफोनवर शिकागो रेडिओ ही अक्षरे पुष्कळदा दिसतात. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'करेंगे या मरेंगे' हा मंत्र लोकांच्या कानांवर पडला, तो याच कर्ण्यांतून. त्यानंतर उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांची धाड पडली. पुढच्या खटल्यात नानक मोटवानेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

या घराण्याचा कारखाना पुढे आपल्याच रेल्वेमार्गावर, नाशिकरोडला उभा राहिला. आपल्यापैकी जे कुणी आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला गेले, त्यांनी प्रयोगशाळेत मोटवाने नावाचा मल्टिमीटर हाताळला असेल. माझ्याकडे तो अजून आहे आणि या दुरुस्तीत तोच वापरला. कर्णा आणि त्याला तपासणारे मीटर एकाच घरचे निघाले, याची मला गंमत वाटली.

आपला कर्णा मात्र कुठल्या आंदोलनातला नाही. तो शाळेच्या कौलांवर बसून रोज प्रार्थना आणि प्रतिज्ञा सांगायचा. वारा स्टेशनकडे असला की प्लॅटफॉर्मवरच्या माणसालाही आपली शाळा भरल्याचे कळायचे. उशिरा येणाऱ्यांना तो दुरूनच धावायला लावायचा. त्याची तपासणी अर्ध्या तासात झाली. घशात कुंभारीण माशीने मातीची घरटी केली होती, ती लाकडी काडीने कोरून काढली. युनिटच्या तारेला साधा दीड व्होल्टचा सेल टेकवला आणि आतून 'टक्' असा आवाज आला. पडदा जिवंत होता. नवी तार, गंजलेले दोन स्क्रू आणि रंगाचा एक हात, एवढ्यात तो बोलू लागला.

पेट्यांचे काम असे सोपे नव्हते. त्यांचे कूळ निराळे. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आज घरोघर असलेल्या स्पीकरची रचना मांडली. मागे लोहचुंबक, त्याच्या अरुंद फटीत तरंगणारी तांब्याच्या तारेची कॉइल आणि कॉइलला चिकटवलेला कागदाचा कोन. गाण्याची वीज कॉइलमधून गेली की ती पुढेमागे हलते आणि कोन हवा हलवतो. पण कोनाच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना मारते, म्हणून मधे पेटी लागते. १९५४ मध्ये एडगर विल्चर याने हवाबंद छोट्या पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरून खोल सूर काढून दाखवले. तेव्हापासून घरात मावेल अशा पेटीतून मैफलीचा आवाज ऐकण्याची हौस जगभर पसरली.

ती हौस नांदगावला आणली आपल्या गॅदरिंगच्या सरांनी. आपण नववीत असताना त्यांनी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन स्पीकर आणले आणि गावातल्या सुताराकडून प्लायवूडच्या पेट्या करून घेतल्या. स्पीकरची काळी, चपटी चुंबके अजून तशीच आहेत. पूर्वी स्पीकरला कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचे चुंबक असे. १९७८ मध्ये आफ्रिकेतल्या झैरे देशात खाणींच्या मुलखात लढाई झाली, कोबाल्टचा भाव भडकला आणि जगभरचे स्पीकरवाले आणखी वेगाने स्वस्त फेराइट चुंबकाकडे वळले. आपली चुंबके फेराइटचीच.

आता ते दुसरे कारण. दहावीच्या गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी सर चहाला गेले असताना मी अ‍ॅम्प्लिफायरचे बटण शेवटपर्यंत फिरवले. आवाज फाटला, तरी मी थांबलो नाही. मग जळका वास आला आणि डावी पेटी गप्प झाली. शिपाईमामा दारातच उभे होते. सर आल्यावर मामा म्हणाले, "सर, लाइट एकदम जास्त आली बघा." त्यावर कुणी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सगळे गॅदरिंग एका पेटीवर झाले. मामा आज नाहीत. सर या मेळाव्याला येणार आहेत. सर, ती लाइट नव्हती, तो मी होतो.

मल्टिमीटरने तेच सांगितले. उजव्या पेटीतल्या मोठ्या स्पीकरने साडेसहा ओहम दाखवले, म्हणजे कॉइल शाबूत. डावीचा काटा हललाच नाही. उघडून पाहिले, तर कॉइल काळी पडून तुटली होती.

मित्र म्हणाले, "दोन्हीत नवे स्पीकर टाक, हजार-दोन हजारांत काम होईल." म्हणणे चुकीचे नव्हते. पण पेटीचा आवाज कोनाच्या कागदात असतो. कागदाची जाडी, वजन, त्यावरच्या वळ्या यांतून तो ठरतो. नवा स्पीकर कदाचित चांगला वाजेल. आपण ऐकलेला आवाज तो नसेल. म्हणून उजव्या पेटीचा कोन राखायचे मी ठरवले.

त्या कोनाच्या कडेची फोमची पट्टी बोट लावताच भुगा होऊन पडली. फोम दमट हवेने, उष्णतेने आणि वयाने कुजतो. न वाजवताही कुजतो. जुना डिंक खरवडला, मधली टोपी ब्लेडने अलगद कापली आणि कॉइलभोवतीच्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या सरकवल्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्ये राहते. फेव्हिकॉलसारख्या सावकाश वाळणाऱ्या गोंदाने नवी कडा बसवली. एक दिवस वाळू दिले, पट्ट्या काढल्या, बोटांनी कोन सारखा दाबून पाहिला. कॉइल कुठे घासत नव्हती. बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरकडे जाणारा कंडेन्सर सुकला होता, तो बदलला.

डावीला नवी कॉइल आणि नवा कोन घालण्यावाचून उपाय नव्हता. चुंबक, सांगाडा आणि सुताराची पेटी तेवढी जुनी राहिली. शेवटी दोन्ही पेट्यांना सेल टेकवून कोन एकाच दिशेला, बाहेर, येतात ना हे पाहिले. एकीच्या तारा उलट लागल्या तर एक ढकलते, दुसरी ओढते आणि खालचे सूर नाहीसे होतात.

दोन्ही पेट्या मी घरी आठवडाभर वाजवल्या. खरे सांगायचे, तर त्या सारख्या वाजत नाहीत. उजवीत बाईंच्या प्रार्थनेच्या पेटीचा भरीव सूर जसा ऐकू यायचा तसाच आजही येतो. डावी थोडी कोरडी, थोडी तीक्ष्ण वाजते. गोंद आणि कंडेन्सर तो फरक मिटवू शकले नाहीत. मेळाव्याच्या दिवशी सभागृहात बसाल तेव्हा कान देऊन ऐका. कुणाच्या कृपेने तो फरक पडला, हे आता सर्वांना माहीत आहे.

कर्ण्यावरून सर आपल्या वर्गाची हजेरी घेणार आहेत. गाणी पेट्यांवर लागतील. त्यानंतर हे सगळे शाळेतच राहावे अशी आमची विनंती मुख्याध्यापकांनी मान्य केली आहे. ज्या मुलामुलींच्या हाती हे जाईल त्यांच्यासाठी पेटीच्या आत एक कागद चिकटवून ठेवला आहे. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास हळू आवाजात वाजवा. भिंतीच्या ओलीपासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवा. कोनावर फडके मारू नका, मऊ कुंचल्याने धूळ झटका. दहा-पंधरा वर्षांनी फोमची कडा पुन्हा जाईल. ती बदला, कोन फेकू नका. कर्ण्याच्या तोंडाला पावसाळ्यानंतर जाळी आहे का पाहा, कुंभारीण परत येते.

आणि आवाज फाटला की बटण लगेच मागे घ्या. वास यायची वाट पाहू नका.