कोंबड्या, कच्चं लिव्हर आणि नसांच्या गोळ्या

तळपायांना मुंग्या येतात, रात्री पायांची आग होते, गादीवरून चालल्यासारखं वाटतं, चप्पल पायातून कधी निसटली ते कळतच नाही. अशी तक्रार केमिस्टला सांगितलीत, की बहुतेक वेळा 'नसांची गोळी' हातात पडते. तपासण्या करूनही कारण सापडलं नाही आणि फाइलवर 'इडिओपॅथिक पेरिफेरल न्यूरोपॅथी' असं लिहून आलं, तर ती गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. पेरिफेरल न्यूरोपॅथी म्हणजे हातापायांकडे जाणाऱ्या नसांचा आजार, आणि इडिओपॅथिक म्हणजे कारण न कळलेला. (इथे नसा म्हणजे रक्तवाहिन्या नव्हेत, तर संवेदना वाहून नेणारे चेतातंतू.)

व्हिटॅमिनने नसा बऱ्या होतात, ही समजूत नुसत्या जाहिरातींमधून आलेली नाही. तिच्यामागे खरा इतिहास आहे, आणि तो पूर्ण ऐकलात तर तुमच्या हातातल्या गोळीकडे तुम्ही जरा वेगळ्या नजरेने बघाल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व आशियात बेरीबेरीने माणसं मरत होती. आधी पाय बधिर होत, मग लुळे पडत, काहींचं हृदय बंद पडे. जपानच्या नौदलातले डॉक्टर ताकाकी यांनी पाहिलं, की १८८२-८३ च्या एका लांबच्या सफरीत 'र्युजो' जहाजावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला. पुढच्या वर्षी त्याच मार्गावर दुसरं जहाज पाठवताना त्यांनी नुसत्या पांढऱ्या भाताऐवजी मांस, दूध, धान्य असा मिश्र आहार दिला, आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला. ताकाकींना वाटलं, कमतरता प्रथिनांची होती. तर्क चुकीचा, पण जेवण बरोबर!

तिकडे जावा बेटावर, बटाव्हिया म्हणजे आजच्या जकार्तात, डच लष्करी डॉक्टर आइकमन बेरीबेरीचा जंतू शोधत होते. प्रयोगाच्या कोंबड्या लंगडू लागल्या, पण ज्यांना काहीच टोचलं नव्हतं त्याही लंगडू लागल्या! मग अचानक सगळ्या बऱ्या झाल्या. चौकशीत कळलं, की मधले काही महिने त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घालत होते. नवा आचारी आला आणि त्याने लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांना द्यायला नकार दिला. कोंबड्यांना पुन्हा बिनसडीचा तांदूळ मिळू लागला आणि त्या चालू लागल्या. त्या आचाऱ्याचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. आइकमन यांना मात्र १९२९ साली नोबेल मिळालं. तांदळाच्या कोंड्यातला जो घटक कमी पडत होता, तोच पुढे व्हिटॅमिन बी १ ठरला. 'व्हिटॅमिन' हा शब्द १९१२ साली कॅसिमिर फंक यांनी आणला आणि १९३६ मध्ये बी १ प्रयोगशाळेत बनवता आलं.

लुळी पडलेली माणसं चिमूटभर पावडरीने उठून बसतात, हे ज्यांनी पाहिलं त्यांचा व्हिटॅमिनवर विश्वास बसला यात नवल नाही. पण कोंबड्यांना जे कमी पडत होतं तेच मिळालं, म्हणून त्या बऱ्या झाल्या, हे ध्यानात ठेवा.

बी १२ ची गोष्टही अशीच. पर्निशियस ॲनिमिया या रक्तक्षयात रक्त तर घटतंच, शिवाय मज्जारज्जू आणि नसाही खराब होतात. १९२६ मध्ये बोस्टनच्या मिनॉट आणि मर्फी यांनी रुग्णांना रोज पाव किलोच्या आसपास कच्चं किंवा अर्धवट शिजवलेलं लिव्हर खायला घातलं आणि मरणाऱ्या माणसांना वाचवलं. लिव्हरमधला तो गुणकारी पदार्थ १९४८ मध्ये लाल स्फटिकांच्या रूपात वेगळा झाला. बी १२ चं इंजेक्शन लाल दिसतं ते त्यामुळेच.

याच सुमारास एक घात झाला, आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईतल्या एका चांगल्या कामातून झाली होती. १९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स मुंबईत आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने या बायकांचं रक्त भराभर वाढतं, हे त्यांनी दाखवलं. त्यातला घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते कृत्रिमरीत्या तयार केलं. मग डॉक्टरांनी ते पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांनाही दिलं. हिमोग्लोबिन वाढलं, चेहऱ्यावर तेज आलं, सगळे खूश. आणि काही महिन्यांत त्याच रुग्णांचे पाय बधिर होऊ लागले, तोल जाऊ लागला. रक्ताचा रिपोर्ट सुधारला होता, पण बी १२ ची कमतरता तशीच राहिली होती आणि नसा आतून बिघडत होत्या.

आता बी ६, म्हणजे पायरिडॉक्सिन. १९५२ पासून टीबीवर आयसोनियाझिड वापरात आलं आणि त्याने काहींच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, कारण हे औषध शरीरातलं बी ६ निकामी करतं. सोबत थोडं बी ६ दिलं की हा त्रास टळतो. इथपर्यंत ठीक. पण पुढे लोक ते कशाकशासाठी, स्वतःच्याच मनाने, भरमसाट घेऊ लागले. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ७ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. ते रोज २ ते ६ ग्रॅम बी ६ घेत होते. गरज असते जेमतेम दीड-दोन मिलिग्रॅमची. त्यांचे पाय बधिर झाले होते आणि नीट चालता येत नव्हतं. गोळी थांबवल्यावर ते सुधारले, पण काहींच्या बाबतीत बरीच उणीव राहिली.

त्यानंतर कमी डोसवरही असा त्रास झाल्याच्या नोंदी आल्या. रोज किती बी ६ सुरक्षित, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही: अमेरिकेत प्रौढांसाठी १०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, तर युरोपने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. फरक केवढा आहे बघा! माझ्या मते रोज, वर्षानुवर्षं घ्यायची गोळी असेल तर युरोपच्या आकड्याकडे बघून वागणं शहाणपणाचं.

पंचाईत अशी, की बी ६ जास्त झाल्याची लक्षणं आणि मूळ आजाराची लक्षणं एकच आहेत. मुंग्या वाढल्या की माणूस एकाऐवजी दोन गोळ्या घेऊ लागतो.

तेव्हा 'इडिओपॅथिक' हा शिक्का बसण्याआधी बी १२, साखर, थायरॉइड, किडनी, रक्तातली प्रथिनं यांची तपासणी झाली आहे का, हे विचारा. तुम्ही शाकाहारी असाल, डायबेटिससाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या बरीच वर्षं घेत असाल, किंवा दारू घेत असाल, तर तेही न लपवता सांगा. बी १२ चा आकडा काठावर असेल तर पुढची तपासणी करता येते. आणि कमतरता निघालीच, तर इंजेक्शन किंवा गोळी अजिबात टाळू नका. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. कमतरता नसेल, तर मात्र व्हिटॅमिनने बधिरपणा जाईल असा भरवशाचा पुरावा आपल्याकडे नाही. आग आणि ठणका यांवर वेगळी औषधं आहेत, ती मागा.

एक काम आजच करा. घरातल्या नसांच्या, मल्टिव्हिटॅमिनच्या, बी कॉम्प्लेक्सच्या सगळ्या स्ट्रिप आणि प्रोटीन पावडरचा डबा टेबलावर मांडा. बारीक अक्षरांत 'पायरिडॉक्सिन' शोधा, दिवसाचे मिलिग्रॅम कागदावर लिहून बेरीज करा आणि तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. टीबीच्या औषधांसोबत दिलेली बी ६ ची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.