नियामक मंडळाचे दार बंद करणारा अध्यक्ष

वीज, दूरध्वनी यांच्या दरांचे नियमन करणारे आयोग आता नागरिकांच्या परिचयाचे झाले आहेत. हे दर कोणत्या तत्त्वावर ठरवावेत याची मांडणी करण्याची आणि पुढे ती स्वतःच्या हाताने अमलात आणण्याची संधी मात्र फार थोड्या अर्थतज्ज्ञांना लाभली. अमेरिकेचे आल्फ्रेड कान (१९१७-२०१०) हे त्यांपैकी अग्रणी होत.

येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर कान यांनी कॉर्नेल विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. 'द इकॉनॉमिक्स ऑफ रेग्युलेशन' हा त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १९७०-७१ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्राहकाने वापरलेल्या जादा एककासाठी जो खर्च येतो, त्याच्याशी दराचे नाते असावे, हे त्याचे सूत्र. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद मिळताच त्यांनी ते वीजदरांना लावले. उन्हाळ्यातील दुपारी वातानुकूलन यंत्रे एकदम चालू झाली, की जुनी, खर्चिक जनित्रेही सुरू करावी लागतात. मध्यरात्री तीच वीज स्वस्तात मिळते. दोन्ही वेळी दर एकच ठेवला, तर दुपारच्या चैनीचा भार रात्रीच्या ग्राहकावर पडतो. (महाराष्ट्रातील उद्योगांना लागू होणारे वेळेनुसारचे वीजदर याच विचारातले.)

१९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांना नागरी विमान वाहतूक मंडळावर नेमले. कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर, किती भाड्यात उडावे, हे १९३८ पासूनच्या या व्यवस्थेत सरकार ठरवी. चार दशकांत प्रमुख मार्गांवर एकाही नव्या कंपनीला प्रवेश मिळाला नव्हता. भाडे सारखेच असल्याने स्पर्धा उरली ती जेवणाची आणि फेऱ्यांची. विमाने मात्र अर्धी रिकामी उडत. टेक्सास व कॅलिफोर्निया या राज्यांच्या अंतर्गत मार्गांवर मंडळाचा अधिकार चालत नसे आणि तेथील भाडी बरीच कमी होती, यातच सारे आले. कान यांनी सवलतीची भाडी आणि नवे प्रवेश मंजूर करण्याचा धडाका लावला. अधिकाऱ्यांनी आदेश साध्या भाषेत लिहावेत, असे फर्मानही काढले. ते कोणत्याही सरकारी कचेरीत लावण्याजोगे आहे. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर कार्टर यांची स्वाक्षरी झाली आणि १९८४ च्या अखेरीस मंडळच विसर्जित झाले.

पुढे महागाईविषयक सल्लागार असताना 'मंदी' शब्द वापरल्याबद्दल वरून नाराजी आली, तेव्हा ते मंदीला 'केळे' म्हणू लागले!

महागाई वजा करता भाडी उतरली, प्रवासी वाढले. किंमतही मोजावी लागली. ब्रॅनिफ १९८२ मध्ये, तर ईस्टर्न व पॅन अ‍ॅम १९९१ मध्ये बंद पडल्या. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. लहान गावांची सेवा टिकविण्यासाठी कायद्यातच अनुदानाची तरतूद करावी लागली होती. एकेका विमानतळावर एकेका कंपनीचे वर्चस्व निर्माण झाले. कान यांनी याचा दोष मुक्त स्पर्धेला दिला नाही. १९८० च्या दशकात कंपन्यांची विलीनीकरणे डोळे मिटून मंजूर करणाऱ्या सरकारला दिला.