विल्यम कलन : पत्रातून तपासणारा डॉक्टर

आज अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये जाऊ या. माणूस आहे विल्यम कलन. शाळेच्या पुस्तकात छापावा असा एखादा मोठा शोध याच्या नावावर नाही. पण मास्तर म्हणून हा गडी अफाट होता, म्हणून मला तो आवडतो.

जन्म १७१० चा, हॅमिल्टन गावचा. ग्लासगोत एका औषधवाल्याकडे उमेदवारी, मग वेस्ट इंडीजला जाणाऱ्या जहाजावर सर्जन, मग गावात डॉक्टरकी. खरी गोष्ट सुरू होते १७४७ मध्ये. ग्लासगो विद्यापीठात तो रसायनशास्त्र शिकवू लागला, पुढे वैद्यकही. वैद्यकाची व्याख्यानं तेव्हा लॅटिनमध्ये द्यायची रीत होती. कलन चक्क इंग्रजीत बोलू लागला! आपल्याला इंग्रजी म्हणजे साहेबाची भाषा, पण तिथल्या पोरांना लॅटिनपेक्षा ती कितीतरी जवळची. डॉक्टरी कुठल्या भाषेत शिकवायची हा वाद आपल्याकडे अजून मिटलेला नाही, म्हणून मला याची फार गंमत वाटते. आणि हाच माणूस १७६९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणाचा ग्रंथ लिहितो तो मात्र लॅटिनमध्ये, कारण तो सगळ्या युरोपने वाचायचा होता. ‘न्यूरोसिस’ हा शब्द कलनचाच.

हवा काढून घेतलेल्या भांड्यात ईथर उडू दिलं की शेजारचं पाणी गोठतं, हे त्याने दाखवलं. म्हणजे आपल्या फ्रीजचा हा पणजोबाच म्हणा ना. पण धंदा वगैरे काही त्याच्या डोक्यात नव्हतं. सुप्त उष्णता मांडणारा जोसेफ ब्लॅक याचाच विद्यार्थी.

१७५५ मध्ये तो एडिनबरोला गेला. तिथे प्राध्यापकाचं पोट मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीवर चाले, तरी गरीब मुलांची फी तो सोडून देई. अमेरिकेहून आलेला बेंजामिन रश त्याच्याच वर्गात बसला.

आता पत्रं. दूरदूरचे रोगी, नाहीतर त्यांचे डॉक्टर, दुखणं लिहून पाठवत आणि कलन उत्तरात औषध, आहार, घोड्यावरची रपेट असं सगळं सांगे. अशी हजारो पत्रं एडिनबरोत जपून ठेवलेली आहेत. उत्तरांच्या नकला आधी लेखनिक हाताने करायचा, १७८१ पासून जेम्स वॉटचं नक्कल-यंत्र आलं. नाडी न पाहता, जीभ न पाहता निदान! जोखीम रोग्याची, आणि भरवसा फक्त शब्दांवर.

त्याची उपचारपद्धती आज फारशी उरलेली नाही. ताप म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं आकुंचन, असं तो समजे. जॉन ब्राऊन हा त्याचाच शिष्य, त्याच्याच मुलांची शिकवणी घेणारा. पुढे उलटला आणि त्याने गुरूच्या विरोधात स्वतःचा पंथ काढला.

दुसरं भांडण तर थेट आपल्या गल्लीपर्यंत पोचतं. सिंकोनाची साल कडू-तुरट असल्याने पोटाला बळ देते आणि म्हणून तापावर चालते, असं कलनने औषधांवरच्या ग्रंथात लिहिलं होतं. १७९० मध्ये जर्मनीत एक डॉक्टर त्या ग्रंथाचं भाषांतर करत होता, त्याला हे काही पटेना. तब्येत धडधाकट असताना त्याने ती साल स्वतःच खाऊन पाहिली, आणि त्याला तापासारखीच लक्षणं जाणवली. हा डॉक्टर सॅम्युअल हानेमान. होमिओपॅथीच्या त्या पांढऱ्या गोळ्या इथून सुरू झाल्या. कलनला याचा पत्ताही लागला नाही. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला तो वारला होता.