आखाडा आणि रस्ता

आपली नातवंडे संध्याकाळी 'क्राव मागा'च्या हूगला जातात. क्राव म्हणजे लढाई आणि मागा म्हणजे स्पर्श. अंगाला अंग भिडवून केलेली लढाई. आपल्या कुस्ती-लाठीसारखीच ही एक कला, असे आम्हांला पुष्कळ दिवस वाटे. तिचा इतिहास वाचला तेव्हा फरक ध्यानात आला.

या विद्येचे जनक इमी लिख्टेनफेल्ड. जन्म 1910 चा, बुडापेस्टचा; बालपण ब्रातिस्लावा शहरात गेले. वडील सॅम्युएल आधी सर्कशीत होते. पुढे पोलीस खात्यात गेले आणि शिपायांना स्वसंरक्षण शिकवू लागले. इमी त्यांच्याच हाताखाली तयार झाले. 1928 साली त्यांनी कुस्तीत स्लोव्हाकियाचे कुमार गटाचे अजिंक्यपद मिळवले. मुष्टियुद्धातही ते तरबेज होते.

1935 नंतर फॅसिस्ट टोळ्या ज्यूंच्या वस्तीत घुसून मारहाण करू लागल्या. इमी आपल्या पहिलवान मित्रांना घेऊन राखणीला उभे राहिले. तेव्हा त्यांना उमगले की, आखाड्यात पंच असतो, नियम असतात. रस्त्यावर यांतले काही नसते. समोर चार जण असतात, एखाद्याच्या हाती सुरा असतो. तिथे पदक जिंकायचे नसते, जिवंत घरी परतायचे असते.

मे 1940 मध्ये ते 'पेंचो' नावाच्या जुनाट बोटीतून डॅन्यूब नदीमार्गे निघाले. ऑक्टोबरात ती बोट एजियन समुद्रात फुटली. 1942 साली ते एरेत्स इस्राएलला पोहोचले. त्याच वर्षी स्लोव्हाकियातील ज्यूंना आउशविट्झला नेणे सुरू झाले.

1944 पासून इमी हगना व पालमाखच्या जवानांना शिकवू लागले. राज्य स्थापन झाल्यावर ते सैन्यात या विषयाचे मुख्य शिक्षक झाले. शिकवायला वेळ थोडा, म्हणून डाव सोपे. वार आला की हात आपोआप वर जातो. त्याच सवयीवर त्यांनी बचाव बसवला. बचाव आणि उलट वार एकाच क्षणी करायचा, आणि लगेच तिथून निघायचे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही विद्या सर्वसामान्यांसाठी खुली केली. 1972 साली विंगेट संस्थेत नागरी शिक्षकांचा पहिला वर्ग झाला. 1998 साली नेतान्या येथे इमी वारले.

आम्हीही भारतात शाळेच्या पटांगणावर लाठी-लेझीम खेळलो, हुतूतू खेळलो. हरलो तर पाठीला माती लागे, एवढेच. कोकणात 'शनिवार तेली' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या पूर्वजांना, ते ज्यू आहेत म्हणून, रात्री आळीची राखण करावी लागली नाही. हे भाग्य युरोपातल्या आपल्या बांधवांना लाभले नाही.

म्हणून नातू घरी येऊन नवा डाव दाखवू लागला, की त्याला दोन्ही गोष्टी सांगाव्यात : ब्रातिस्लावाच्या त्या रस्त्याची, आणि आपल्या गावच्या त्या मातीचीही. पहिली त्याला सावध ठेवील. दुसरी त्याला सांगेल की, शेजारी शेजाऱ्यासारखा राहू शकतो, आणि आपण तसे राहिलो आहोत.