कासारगोडची मुले आणि पुराव्याची व्याख्या

कीटकनाशके अधिनियम, १९६८ हा कायदा एका विषबाधेतून जन्मला, हे प्रशासनात हयात घालवलेल्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. १९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ व तत्कालीन मद्रास राज्यात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभरावर माणसे दगावली. विषाचे डबे आणि खाद्यपदार्थांची पोती एकाच जहाजातून आली होती व वाटेत विष पोत्यांत झिरपले होते. भारत सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला. त्यानंतर दहा वर्षांनी कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याखालील नियम आले.

ज्या प्रसंगातून कायदा जन्मतो, त्या प्रसंगाचा ठसा कायद्यावर राहतो. १९५८ ची विषबाधा तात्काळ होती: दुपारी जेवलेला माणूस संध्याकाळी मरत होता. म्हणून या कायद्याची विषाची कल्पनाही तीच राहिली. डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल, पिवळा, निळा की हिरवा, हे ठरते ते किती मात्रेने प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी मरतात यावर. प्राणी मेला नाही, पण त्याच्या पिल्लाची एखादी ग्रंथी अपुरी वाढली, तर त्याची नोंद त्या त्रिकोणात कुठेच होत नाही. एंडोसल्फानच्या डब्यावरचा त्रिकोण पिवळा असे.

केरळच्या उत्तर टोकाचा कासारगोड जिल्हा सात भाषांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो व त्या सातांत मराठीचीही गणना होते. आपल्यापैकी जे रत्नागिरी-सिंधुदुर्गातून नोकरीनिमित्त बाहेर पडले, त्यांना तिथली जमीन परकी वाटणार नाही. तोच तांबडा जांभा, तोच धो धो पाऊस, तोच उघड्या सड्यांवर फोफावणारा काजू. काजूच्या पालवीवर आणि मोहोरावर पडणारी कीडही तीच, कोकणात जिला ढेकण्या म्हणतात. फरक मालकीचा. कोकणात काजू बहुतांशी लहान बागायतदाराचा, पाठीवरच्या पंपाने फवारायचा. कासारगोडच्या टेकड्यांवर मात्र प्लँटेशन कॉर्पोरेशन ऑफ केरळ या राज्य सरकारच्या महामंडळाच्या दोन हजार हेक्टरांहून अधिक सलग बागा होत्या. एवढ्या बागांवर माणसे लावून फवारणी करण्यापेक्षा हेलिकॉप्टर स्वस्त पडत होते. हिशेब चुकीचा नव्हता. त्यात कोणता खर्च धरला नव्हता, हा प्रश्न निराळा.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत, वर्षातून दोन-तीन वेळा, या टेकड्यांवर आकाशातून एंडोसल्फान फवारले गेले. बागा वर आणि वस्त्या, शाळा, ओढे पायथ्याशी, अशी तिथली रचना. शिवाय या भागात पिण्याचे पाणी पुष्कळदा सुरंगममधून येते. सुरंगम म्हणजे टेकडीच्या पोटात आडवा खणलेला अरुंद बोगदा. जांभ्यातून पाझरणारे पाणी त्यातून घरापर्यंत वाहत येते. बांधणाऱ्यांच्या कसबाला दाद द्यावी अशी ही व्यवस्था. पण टेकडीवर जे पडेल ते घरात पोहोचण्याची सोयही तीच. हवाई फवारणीबाबत १९७१ च्या नियमांत स्पष्ट तरतूद आहे: लोकांना किमान चोवीस तास आधी सूचना द्यावी, क्षेत्राच्या सीमा आखाव्यात, असंबंधित माणसांना व जनावरांना ठरावीक काळ तेथे येऊ देऊ नये. चोवीस तासांची सूचना मिळाली, तरी सुरंगम झाकायचा कसा आणि गर्भवती स्त्रीने जायचे कुठे, हे नियम सांगत नाही.

वासरे व्यंग घेऊन जन्मत आहेत, हे पद्रे गावातील शेतकऱ्यांच्या १९८० च्या आसपास ध्यानात आले व पत्रकार श्री पद्रे यांनी त्याविषयी लिहिले. पुढे त्याच गावात वैद्यकी करणारे डॉ. वाय. एस. मोहनकुमार यांना रुग्णांची दाटी काही विशिष्ट वस्त्यांतच आढळू लागली. कृषी खात्यातच नोकरीस असलेल्या लीलाकुमारी अम्मा न्यायालयात गेल्या आणि १९९८ मध्ये त्यांनी फवारणीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. स्वतःच्या खात्याच्या प्रचलित मताविरुद्ध उभे राहणे म्हणजे काय, हे सरकारी नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

२००१ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने विचारणा केल्यावर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेकडे अभ्यास सोपवण्यात आला. या अभ्यासातील मुलग्यांविषयीचा भाग २००३ मध्ये शोधनिबंधरूपाने प्रसिद्ध झाला. टेकडीच्या पायथ्याच्या गावातील १०ते १९ वयाची ११७ शाळकरी मुले आणि फवारणी न झालेल्या भागातील ९० मुले यांची त्यात तुलना होती. म्हणजे ही मुले साधारण १९८२ ते १९९१ या काळात जन्मलेली. फवारणी त्याआधीच सुरू झाली होती. ती आईच्या पोटात असल्यापासून त्या हवेत व पाण्यात होती. शेवटच्या फवारणीनंतर काही महिने उलटूनही त्यांच्या रक्तद्रवात एंडोसल्फानचे सरासरी प्रमाण अब्जात ७.४७ भाग निघाले. दुसऱ्या गटात ते १.३७ होते.

पुढचा निष्कर्ष समजून घेण्यास थोडे शरीरशास्त्र लागते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ल्युटिनायझिंग हार्मोन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. तो वृषणग्रंथीला दिलेला आदेश. आदेश मिळताच वृषणातील विशिष्ट पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. ते पुरेसे झाले की पीयूषिका आदेश कमी करते. कासारगोडच्या मुलांत वयाचा फरक हिशेबात घेतल्यावर असे दिसले, की फवारणीशी संपर्क जितका अधिक, तितके टेस्टोस्टेरॉन कमी आणि ल्युटिनायझिंग हार्मोन मात्र जास्त. वरून आदेश जोराने येत होता, खालची ग्रंथी तो पाळण्यास कमी पडत होती. वयात येण्याची बाह्य लक्षणेही त्या मुलांत मागे पडलेली होती. वृषण खाली न उतरणे व तत्सम जन्मजात दोष या गटात ५.१ टक्के, दुसऱ्या गटात १.१ टक्के, म्हणजे सहा मुले आणि एक मूल. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरत नाही, हे संशोधकांनी स्वतःच नमूद केले. नमुना लहान आहे, अनेकांनी तपासणीस नकार दिला, हेही लिहिले. किशोरवयीन मुलांच्या अशा तपासणीस नकार मिळणे स्वाभाविकच होते.

हा निष्कर्ष आकाशातून पडलेला नव्हता. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रात १९९० च्या दशकातच वाढत्या वयाच्या उंदरांवर प्रयोग झाले होते व एंडोसल्फानने त्यांच्या वृषणातील विकरे बदलतात, शुक्राणू घटतात, असे दिसले होते. सरकारच्याच एका प्रयोगशाळेला जे ठाऊक होते, ते सरकारच्याच दुसऱ्या दालनात पोहोचले नव्हते. ग्रंथी घडत असतानाचा काळ मोजका असतो. त्या काळात संप्रेरकांचा समतोल ढळला, तर नंतर रक्तातून विष निघून गेले तरी घडण मागे फिरवता येत नाही.

यानंतरचा इतिहास समित्यांचा आहे. डॉ. ओ. पी. दुबे यांच्या समितीने २००३ मध्ये फवारणी व आजार यांत संबंध सिद्ध होत नसल्याचे मत दिले. २००४ मध्ये डॉ. सी. डी. मायी यांच्या समितीनेही तोच सूर लावला. आक्षेप घेणारे सारेच लबाड होते, असे मी मानत नाही. कासारगोडमधला प्रत्येक कर्करोग, प्रत्येक व्यंग एंडोसल्फानमुळे आले, असे म्हणणेही शास्त्रीय नव्हे, आणि काही कृषिशास्त्रज्ञांनी ते ठामपणे मांडले. परंतु समित्यांपुढचा प्रश्न नेहमी ‘या रुग्णाचा हा आजार याच औषधाने झाला काय?’ असा राहिला. ज्या विषाचा परिणाम गर्भात होतो आणि पंधरा वर्षांनी दिसतो, त्याच्या बाबतीत या प्रश्नाला निर्णायक उत्तर कधीच मिळणार नाही. ‘निर्णायक पुरावा उपलब्ध नाही’ हा शेरा मीही अनेक फाइलींवर लिहिला आहे. तो लिहिताना आपण तटस्थ आहोत असे वाटते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एवढेच सांगतो, की चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. निर्दोष औषध बंद केले तर काजूचे काही उत्पन्न बुडते आणि ते पुढच्या वर्षी भरून निघू शकते. सदोष औषध चालू ठेवले, तर दुसऱ्या बाजूचे नुकसान भरून निघण्याजोगे नसते. दोन्ही चुकांना सारखेच तोलणे हाही एक निर्णयच आहे; फक्त त्याखाली कोणाची सही नसते.

त्यात हितसंबंधांचा गुंता होता. फवारणारे महामंडळ राज्य सरकारचे. नोंदणी देणारी यंत्रणा केंद्राची. केंद्राच्याच मालकीची हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी एंडोसल्फान बनवत होती, तेही केरळातच, एलूर येथे. आणि परिणाम तपासणारी संस्थाही केंद्राचीच. तिने प्रामाणिक काम केले याचे म्हणूनच अप्रूप वाटते. राज्याने कायमची बंदी घालावी म्हटले, तर अधिनियमाच्या कलम २७ खाली त्याला साठ दिवसांपुरती आणि फार तर आणखी तीस दिवस मनाई करता येते. एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हा येथे स्टॉकहोम कराराच्या यादीत एंडोसल्फानचा समावेश झाला. दीर्घकाळ विरोध करून भारताने काही पिकांपुरत्या मुदतीच्या सवलती घेऊन संमती दिली. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर अंतरिम बंदी घातली.

मानवी हक्क आयोगाने २०१० च्या अखेरीस भरपाईची शिफारस केली होती. २०१७ च्या जानेवारीत न्यायालयाने राज्य सरकारला ती तीन महिन्यांत देण्यास सांगितले. मे २०२२ मध्ये न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार ३,७०४ बाधितांपैकी ज्या आठ जणांनी अवमान याचिका केली होती, तेवढ्यांनाच पाच लाख रुपये मिळाले होते. न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले.

त्या यादीत अंथरुणाला खिळलेले, मतिमंद, शारीरिक विकलांग, कर्करोगग्रस्त अशा वर्गवाऱ्या आहेत. ज्या ११७ मुलांच्या रक्तावरून ग्रंथींच्या वाढीचा प्रश्न प्रथम कागदावर आला, ती आज तिशी-चाळिशीत आहेत. वयात येण्यास उशीर झाला, टेस्टोस्टेरॉन कमी भरले, यासाठी यादीत वेगळा रकाना नाही.